भिवाची थुंकी, रोहिदासचा निरोप

आजच्या या दुहेरी निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक आदरणीय दादासाहेब. पुण्याहून मुद्दाम वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे, आरोग्य सल्लागार उद्धवराव. हार, नारळ, फोटोग्राफर आणि समोसे या सगळ्यांची जुळवाजुळव ज्यांनी केली ते मनुष्यबळ विभागाचे प्रज्वल साहेब. माझ्या शेजारी शाल मांडीवर घेऊन बसलेला, माझ्याबरोबर निरोप घेणारा रोहिदास तांदळे. पहिल्या ओळीत बसून मला 'आवरतं घ्या' अशी आत्तापासून खूण करणारी माझी पत्नी कुशाबाई. पहिली पाळी सुटल्यामुळे घरी जायची घाई असलेले आणि दुसरी पाळी लागायची असल्यामुळे निवांत असलेले माझे सर्व कामगार बंधू आणि भगिनी! या कोंडाजी येळवंडेचा सगळ्यांना नमस्कार.

मी काही बोलणारा माणूस नव्हे. चौतीस वर्षं मी तपासणीच्या टेबलावर काढली. गिअर उचलायचा, माप बघायचा गेज लावायचा, आणि तोंडातून दोनच गोष्टी काढायच्या, चालतंय नाहीतर चालत नाही. प्रज्वल साहेबांनी काल मला बजावलं, "काका, पाच मिनिटं बोला, आणि पॉझिटिव्ह बोला." पाच मिनिटांची हमी देतो. पॉझिटिव्हचं बोलता बोलता बघू.

रिवाजाप्रमाणे आधी कंपनीची स्तुती. ती मी अगदी मनापासून करतो. मी चाकणकडच्या शेतकरी घरातला. आमचं रान कारखान्यांना गेलं आणि मी आयटीआय करून भोसरीत आलो. इथं मला गेज कसा धरायचा हे दादासाहेबांच्या वडिलांनी शिकवलं आणि नाही कसं म्हणायचं ते दादासाहेबांनी. दुसरी गोष्ट जास्त अवघड. तिचा एक किस्सा सांगतो, कारण तो पुढं उपयोगी पडणार आहे.

अकरा वर्षांपूर्वी दोनशे गिअरांचा एक लॉट मी नापास केला आणि त्याला लाल टॅग बांधला. पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्याकडं हिरवा टॅग म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे थांबा, आणि लाल म्हणजे जागचा हलवायचा नाही. गाडी गेटवर उभी होती, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येत होते. पाळी बदलायच्या गडबडीत कुणीतरी गुपचूप माझा टॅग काढला आणि माल गेला. आठ दिवसांनी सगळा माल परत आला, आणि मालाबरोबर गिऱ्हाइकाचे तीन साहेबही आले. दुसरा मालक असता तर त्यानं तपासनिसाला झापलं असतं. दादासाहेबांनी काय केलं? माझ्या टेबलामागच्या भिंतीवर पाटी रंगवून घेतली: 'लाल टॅग ज्याने बांधला त्यानेच सोडायचा.' रंगारी निघाला होता, त्याला परत बोलावून खाली आणखी एक ओळ घालायला लावली: 'मालकानेही हात लावू नये.' जागा कमी पडली म्हणून ती ओळ बारीक अक्षरात आहे, पण आहे. दादासाहेब, असा मालक भोसरीत दुसरा नाही, हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो. टाळ्या वाजवा की, मालक बसलेत!

आता वळतो विज्ञानाकडं. यंदा मार्चमध्ये आपल्या कंपनीत एक क्रांती झाली. ज्या कंपनीनं जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात 'येथे थुंकू नये' लिहिलंय, त्याच कंपनीनं आपल्याला हात धरून बोलावलं आणि सांगितलं, थुंका. उद्धवरावांची योजना होती. कामगारानं एका नळीत थुंकायचं, नळी कुठंतरी मोठ्या लॅबला जायची, आणि महिन्याभरात कळायचं की या माणसाला पुढं शुगर होणार, प्रेशर होणार की हार्टचा त्रास. आमच्या गावच्या जत्रेत हे काम एक पोपटवाला करायचा. अर्थात त्याचा पोपट एकच चिठ्ठी काढायचा. उद्धवरावांच्या रिपोर्टला बावीस पानं असतात, आणि रंगीत असतात. थुंकण्याआधी अर्धा तास तंबाखू खायची नाही, ही अट ऐकून निम्मी असेंब्ली लाइन तिथूनच परत फिरली, ते सोडा.

अडचण एवढीच झाली की माणसं साडेतीनशे आणि मंजूर झालेल्या नळ्या शंभर. प्रज्वल साहेब माझ्या टेबलावर आले. "काका, तुम्ही सॅम्पलिंगचे बादशहा. शंभर नळ्यांत सगळे कसे बसवायचे?" आणि मंडळी, इथं मी माती खाल्ली.

मी म्हणालो, "साहेब, पोलादाचं आपण काय करतो? एका वेळी एका भट्टीतून ओतलेल्या पोलादाला एक हीट नंबर असतो. त्या हीटच्या हजार सळ्या आल्या तरी तुकडा एकच तपासायचा. सर्टिफिकेट सगळ्या हीटला लागू होतं." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. हे मी थट्टेत बोललो, असं गेले पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगत फिरतोय. ते खोटं आहे. मी गंभीरपणे बोललो होतो, आणि बोलताना स्वतःवर खूशही झालो होतो.

झालं! आडनाव एक, गाव एक, की हीट एक. येळवंडे म्हणजे हीट नंबर तीन. तांदळे म्हणजे हीट नंबर सात. प्रत्येक हीटमधून जो त्या दिवशी मोकळा सापडेल त्यानं थुंकायचं. येळवंड्यांतर्फे मी थुंकलो, आणि महिन्याभरानं माझा रिपोर्ट आला हिरवागार. मधुमेहाचा धोका सरासरीपेक्षा कमी! मंडळी, मी नऊ वर्षं शुगरची गोळी खातोय. मोठ्या हौसेनं रिपोर्ट घरी मोशीला नेला. कुशाबाई म्हणाली, "त्या कागदाला म्हनावं, तू गप पड. गोळी खाल्ल्याबिगर ताटावर बसायचं न्हाई." माझ्या एका थुंकीवर कंपनीतले अकरा येळवंडे हिरवे झाले. त्यातले चौघं तर माझे कुणीच लागत नाहीत. आडनाव जुळलं आणि आरोग्य लाभलं, एवढंच.

आता तांदळे. बीडकडची ही तीन माणसं. थोरला रोहिदास, सोळा वर्षं आपल्या गिअर तापवायच्या भट्टीवर. धाकटा भिवा, स्टोअरमध्ये. आणि रोहिदासची बायको शालनबाई, पॅकिंगला. त्या दिवशी भिवा मोकळा होता, म्हणून भिवा थुंकला. रिपोर्ट मात्र तिघांना मिळाला. शालनबाई तो घेऊन आपल्या विजयश्री सिस्टरांकडं गेली. म्हणाली, "सिस्टर, ह्याच्यात लिवलंय, माझ्या प्रोस्टेटला धोका मध्यम हाय. ते कुठं आसतंय? आन् त्याला काई पथ्य?" सिस्टर म्हणाल्या, "शालनताई, ते पुरुषांना असतं. तुम्हाला नाहीच, तर बिघडेल कशाला?" शालनबाई म्हणाली, "मंग मालकांनी कशाला दिलं?"

हसलात ना? मीही पोट धरून हसलो होतो. हसत हसतच त्या रिपोर्टचं पुढचं पान उलटलं. हृदयविकार: धोका वाढलेला. पान लाल. आणि लाल रिपोर्टवाल्यांनी कुठं काम करायचं याचा प्रज्वल साहेबांनी तक्ता केलाय, त्याप्रमाणे स्टोअरमध्ये लाल माणूस चालतो, पॅकिंगला चालतो, पण भट्टीवर चालत नाही. म्हणजे पाहा, ज्यानं थुंकी दिली तो भिवा कामावर राहिला. आणि ज्याच्या थुंकीकडं आजवर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, तो एक्केचाळीस वर्षांचा रोहिदास माझ्या शेजारी निवृत्त होऊन बसलाय. माझं वय अठ्ठावन्न. एकाच मांडवात दोघांना उजवून टाकायचं ठरलं, हार एकदमच आणले.

पंधरा दिवसांपूर्वी रोहिदास तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. लॉट तपासायला आणतात तसा त्यानं तो माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, "काका, माझं थुंक तर कुनी घेतलंच नाही. मंग मी लाल कसा झालो?" मी कागदावर पाहिलं. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, हीट क्रमांक सात. माझाच शब्द माझ्याकडं बघत होता. रोहिदास बोलतच होता, "सोळा वर्सात आजारपनाची एक रजा नाही घेतली हो मी. लेकीची बारावी हाय औंदा. आता ह्या वयात मला कोन भट्टीवर उभं करतंय?" मला त्याच्याकडं मान वर करून बघता आलं नाही. मंडळी, चौतीस वर्षांत मी एकही चुकीचा गिअर पास केला नाही, आणि जाता जाता एक चांगला माणूस नापास केला.

मी प्रज्वल साहेबांकडं गेलो. साहेबांची वागणूक नेहमीच नम्र असते, तशी तेव्हाही होती. म्हणाले, "काका, हे त्याच्या भल्यासाठीच आहे. उद्या भट्टीसमोर काही झालं तर? आणि आपण कुठं काढतोय, ही तर स्वेच्छानिवृत्ती आहे." बरोबर आहे. फक्त आपल्याला अशी स्वेच्छा झाली आहे हे रोहिदासला पत्र वाचून कळलं. मी म्हणालो, "मग निदान त्याची स्वतःची तपासणी करा." साहेब म्हणाले, "नळ्या संपल्या, काका. प्रोसेस क्लोज झाली." तेवढ्यात भिवा आत आला. हात जोडून म्हणाला, "सायब, थुंक माझं व्हतं. काढायचं तर मला काढा, दादाला ऱ्हाऊ द्या." साहेब त्याला म्हणाले, तू स्टोअरला आहेस, तुला नियम लागू नाही. भोसरीतल्या एका खोलीत राहणारे, एका ताटलीतून खाणारे हे दोघं भाऊ तेव्हापासून एका वेळी जेवायला बसत नाहीत. शालनबाई दिराचा डबा रोज भरते, पण त्याच्याशी बोलत नाही. नळीत कुणी भांडण घालून पाठवलं नव्हतं, रिपोर्टबरोबर मात्र ते घरी आलं.

मग मी ठरवलं, आपण जे तोडलं ते आधी समजून तरी घेऊ. विजयश्री सिस्टरांच्या प्रथमोपचार खोलीत रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. उद्धवराव, चुकलं तर दुरुस्त करा. आपल्या शरीरात आईबापांकडून आलेला एक भलामोठा मजकूर असतो. माणसामाणसांत त्यातली लाखो अक्षरं इकडची तिकडं असतात. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. काही हजार असे, की एखादा हृदयविकाराचा धोका केसाएवढा वाढवतो, दुसरा केसाएवढा कमी करतो. एकट्या कुणाच्या हातात काही नसतं. या सगळ्यांची बेरीज करून धोक्याचा आकडा काढतात. मी विचारलं, "आणि सख्ख्या भावांत?" त्या म्हणाल्या, "काका, आईबापांचे पत्ते प्रत्येक मुलाच्या वेळी नव्यानं पिसून वाटले जातात. दोन भावांत सरासरी निम्मे सारखे येतात, निम्मे वेगळे." म्हणजे, मंडळी, एका घरात चार पोरं झाली तर चार हीट! आणि बायको तर दुसऱ्याच कारखान्याचं पोलाद! मी चौतीस वर्षांचा तपासनीस, आणि मला एवढं कळू नये?

बरं, क्षणभर धरू की उद्या रोहिदासचा स्वतःचा रिपोर्टही लालच आला. येऊ शकतो. मग काय? पान अकरावर लिहिलंय: सर्वसाधारण शंभर माणसांत पुढच्या दहा वर्षांत दहा जणांना हा त्रास होतो, आणि लाल पानाच्या शंभरांत चौदा जणांना. म्हणजे शहाऐंशी जणांना होत नाही. दादासाहेब, शंभर गिअरांतले चौदा पुढं कधीतरी कुरकुरतील म्हणून मी शंभरच्या शंभर भंगारात टाकले असते, तर तुम्ही मला इथं शाल दिली असती का? तुम्ही मला तेव्हाच नारळ दिला असता. चौदा म्हणजे जरा लक्ष ठेवा, डॉक्टरकडं पाठवा, प्रेशर मोजा, तंबाखू सोडवा. आमच्या भाषेत पिवळा टॅग. आणि गिअरला मी नापास करतो ते त्याच्या मापांचं ड्रॉइंग समोर ठेवून. माणसाचं ड्रॉइंग कुणाकडं आहे? प्रज्वल साहेब, असेल तर आणा, मी आत्ता मोजून देतो.

आणखी एक शंका, प्रमुख पाहुण्यांना. कुठलाही गेज वापरण्याआधी मी विचारतो, हा कुठल्या मास्टरवर, म्हणजे कुठल्या मूळ मापावर, लावून घेतलाय? बाविसाव्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत उत्तर सापडलं. हा आकडा मुख्यतः युरोपातल्या लोकांची माहिती धरून बसवलेला आहे, इतर लोकांत अचूकता कमी असू शकते. वा! म्हणजे बीडच्या माणसाचं माप परदेशातल्या मास्टरवर घेतलं, तेही त्याच्या भावाला पट्टी लावून. उद्धवराव, तुमचं विज्ञान खोटं आहे असं मी म्हणत नाही. सिस्टर म्हणतात ते खरं आहे आणि पुढं फार उपयोगाचं ठरेल. पण ज्याला गेज वाचता येत नाही त्याच्या हातात गेज देऊन तुम्ही समोसा खायला बसलात, एवढंच माझं म्हणणं. तो खा, गरम आहे.

आता शेवटचा मुद्दा, मग कुशाबाईचं ऐकतो. रोहिदासच्या हृदयाची एवढी काळजी ज्यांना आहे त्या सर्वांना माझी नम्र विनंती, एकदा भट्टीसमोर उभं राहून वर बघावं. छतात गरम हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा आहे. तो दोन वर्षं बंद आहे. त्याची तक्रार रोहिदासनं सहा वेळा लिहून दिली, मी नोंदवही पाहून बोलतोय. त्या पंख्याला कुणाच्या थुंकीची गरज नाही, दादासाहेब. त्याची मोटर जळली आहे. ते कळायला बावीस पानं लागत नाहीत. पण मोटरचा दोष मालकाकडं येतो, आणि रक्तातला दोष कामगाराच्या आईबापांकडं जातो. म्हणून थुंकी तपासणं सोयीचं पडतं.

प्रज्वल साहेब, पाच मिनिटं कधीच झाली, मला माहीत आहे. मोबाईल खिशात ठेवा. संपवतो.

कार्यक्रमपत्रिकेत पुढं असं आहे, की अध्यक्षांच्या हस्ते रोहिदासला ही फाईल द्यायची, त्यानं आतल्या स्वेच्छापत्रावर सही करायची आणि फोटो काढायचा. फाईल इथं टेबलावर आहे. सही अजून झालेली नाही. आज महिन्याची अखेर. म्हणजे आजचा दिवस संपेपर्यंत मी या कंपनीचा तपासनीस आहे. आणि हा माझ्या खिशात शेवटचा लाल टॅग आहे. सकाळी स्टोअरमधून घेतला, भिवानंच दिला, नोंद केली आहे.

बांधतो. तार जरा वाकडी आहे, सांभाळून घ्या. कारण लिहिलंय: 'नमुना दुसऱ्याचा. गेज परक्या मास्टरवर. ड्रॉइंग उपलब्ध नाही. हीट नंबरची कल्पना चुकीची, ती माझी, कोंडाजी येळवंडे.' खाली सही, तारीख. हा टॅग त्या रिपोर्टला आणि त्या पत्राला आहे. माणसाला नाही. पाटीवरचा नियम सगळ्यांना पाठ आहे. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा, मालकानंही हात लावायचा नाही. आणि बांधणारा उद्यापासून मोशीला घरी असणार. कधी सोडावासा वाटला तर निरोप पाठवा. मी बसनं येईन. पण आल्यावर टेबलाशी येण्याआधी भट्टीसमोर जाईन आणि वर बघीन. पंखा फिरत असला तर पुढचं बोलू.

इतकी वर्षं दादासाहेबांनी मला नाही म्हणू दिलं, त्याबद्दल त्यांचे मी मनापासून आभार मानतो. आजही म्हणू देतील अशी खात्री आहे, कारण ती बारीक अक्षरातली ओळ त्यांचीच आहे. उद्धवरावांचे, प्रज्वल साहेबांचे आभार. मला पन्नाशीनंतर पुन्हा शाळेत बसवणाऱ्या विजयश्री सिस्टरांचे आभार. कुशाबाईचे आभार मी घरी मानीन, गोळी खाऊन. घासूनपुसून बोलायची मला सवय नाही. कुठं धार राहून कुणाला लागली असेल, तर म्हाताऱ्याचं शेवटचं काम समजून पदरात घ्या.

भिवा, मागं दारापाशी काय उभा आहेस? शालनबाईशेजारी खुर्ची रिकामी आहे, तिथं बस.

आणि रोहिदास, तू ऊठ. येताना मी दुसऱ्या पाळीचा तक्ता वाचून आलोय, भट्टीसमोर तुझं नाव अजून आहे. साडेतीन होऊन दहा मिनिटं झाली, तुला उशीर माझ्यामुळं झालाय, तसं सुपरवायझरला सांग. शाल इथंच ठेव. तिथं फार गरम होतं.